धूळ अडवणाऱ्यांचे स्वागत

परिषदेचे अध्यक्ष, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर आणि सेवाग्रामहून आलेले डॉक्टर, परिचारिका भगिनी, प्रयोगशाळेतील मंडळी आणि आरमोरीकरहो,

वैनगंगेच्या काठी आपले मनापासून स्वागत. पुष्पगुच्छाऐवजी कोसा रेशमाचा रुमाल दिला, तो काटकसरीपोटी नव्हे. आपली परिषद रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना होणाऱ्या बुरशीच्या संसर्गावर आहे आणि त्यांच्या वॉर्डात फुले-कुंड्या नेऊ देत नाहीत. मातीत आणि साचल्या पाण्यात बुरशी असते. शिवाय कोसा आमचाच. आमचे ढिवर बांधव ऐनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या पोसत आले आहेत. आणि बुरशीने रोग होतो हे इटलीच्या अगोस्तिनो बास्सींनी १८३५ मध्ये दाखवले, तेही रेशीमकिड्यांवरच!

मी डॉक्टर नाही, राईस मिलवाला. धूळ मात्र ओळखतो. तणसात, कोंड्यात वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस बुरशीचे दोन-तीन मायक्रॉनचे कण आपण सगळेच रोज श्वासातून घेतो आणि पांढऱ्या पेशी ते निपटतात. केमोथेरपीनंतर मायक्रोलिटरभर रक्तातले न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले, की तेच कण फुप्फुसात रुजतात. नागभीड-उमरेडमार्गे नागपूर गाठलेला आमचा माणूस कर्करोगाशी झुंजत असतो आणि गाठते त्याला वॉर्डातली हवा. दुरुस्तीसाठी भिंत फोडली आणि शेजारच्या वॉर्डात बुरशीची साथ आली, अशी उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत.

आपल्याकडे रुग्णालय म्हटले की लोक आधी मोठे यंत्र मागतात. मी हवा मागतो. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारे हेपा फिल्टर महाग आहेत, मान्य. पण तोडफोडीआधी छतापर्यंत प्लास्टिकचा पडदा लावणे, मलबा ओला करून उचलणे, रुग्ण दुसरीकडे हलवणे, याला कितीसा खर्च येतो? २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराच्या काळात अ‍ॅम्फोटेरिसिन या औषधाच्या एकेका कुपीसाठी विदर्भातले नातेवाईक वणवण फिरले. त्यापुढे पडदा स्वस्तच.

एक गोष्ट आम्हा धानवाल्यांच्या पदरातली. पर्णकोष करप्यावर आम्ही हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल फवारतो. तुमची व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची औषधे त्याच कुळातली, म्हणून फवाऱ्याला सरावलेली बुरशी त्यांनाही दाद देईनाशी होऊ शकते. अशा औषधांना दाद न देणारी अ‍ॅस्परजिलस भारतातल्या वातावरणातही सापडल्याचे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून आज शेतकरी आणि कृषी सहायकांनाही बोलावले आहे. जेवणानंतरचे पहिले सत्र त्यांचेच. अध्यक्षमहोदय, कामकाज सुरू करावे.