विमानतळावरचा फोटो: कुठं काढायचा, कुठं नाही

आज हप्ता, कर्ज, वसुली यातलं काही नाही. आज सहलीबद्दल बोलायचंय आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल. विमानतळावर फोटो काढावा का?

हा प्रश्न हल्ली गटाच्या बैठकीत येतो. पूर्वी आपली सहल म्हणजे अष्टविनायक, पंढरपूर, नाहीतर एसटीनं कोकण. आता काही गट वेगळी भिशी लावून विमानानं जायला लागलेत. दोन-दोन वर्षं पैसे साठवायचे आणि एकदा जायचं. परत कधी जमेल कोण जाणे. मग फोटो हवाच ना!

फोटो हवा म्हणणाऱ्या बाईला कुणी हसू नये, असं मला वाटतं. आपल्या आईचे, सासूबाईंचे फोटो आठवून बघा. एक लग्नातला आणि एक आधार कार्डावरचा. घरातल्या कार्यक्रमाच्या फोटोंत ती सापडत नाही, कारण सगळे फोटोला उभे राहिले तेव्हा ती चुलीपाशी होती. म्हणून स्वतःच्या बचतीतून विमानात बसलेल्या बाईनं फोटो खुशाल काढावा. फक्त जागा बघून काढावा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका गटाच्या अकरा जणी विमानानं सहलीला गेल्या. तपासणीच्या रांगेत एका ताईंनी पुढच्या मैत्रिणीचा फोटो काढला. लगेच सुरक्षा जवान आला, चार लोकांत बोलला आणि फोटो पुसायला लावला. त्याचं काम त्यानं केलं. पण त्या ताईंनी पुढं पाच दिवस फोन पिशवीतून बाहेरच काढला नाही. सगळ्या सहलीत त्यांचा एकही फोटो नाही. मला वाईट वाटलं ते याचं. कुठं चालतं आणि कुठं नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती.

तर आता टप्प्याटप्प्यानं बघू.

पहिला टप्पा, इमारतीच्या बाहेर आणि सामान देतो तो मोठा हॉल. इथं विमानतळाच्या नावाच्या पाटीजवळ, बॅगांसोबत, सगळ्या जणींचा एकत्र फोटो काढा. दारात जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. त्याचा आणि त्याच्या बंदुकीचा फोटो मात्र काढायचा नाही.

दुसरा टप्पा, सुरक्षा तपासणी. इथं फोटो अजिबात नाही. यंत्रं कुठं आहेत, जवान कुठं उभे असतात, काय तपासतात, हे बाहेर जाऊ नये म्हणून ही बंदी असते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं होतं, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्यानंतर, २००० सालापासून, देशातल्या विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे जायला लागली. आणि आपल्या बाजूनंही विचार करा. बायकांची तपासणी महिला जवान पडद्याआड करतात. त्या पडद्याशेजारी कुणी फोन वर धरून उभं राहिलं, तर आपल्याला चालेल का? परदेशी जाणाऱ्यांचा पासपोर्ट तपासतात त्या खिडक्यांपाशीही हेच लक्षात ठेवा.

तिसरा टप्पा, तपासणी झाल्यावर बसायची जागा. इथं निवांत फोटो काढा. मुंबईचं टर्मिनल दोन २०१४ साली सुरू झालं. तिथं मोरपिसाची आठवण करून देणारं छत आहे आणि भिंतींवर देशभरातल्या हजारो कलावस्तू मांडल्या आहेत. दिल्लीच्या टर्मिनल तीनमध्ये नृत्यातल्या मुद्रा दाखवणारे मोठमोठे हात भिंतीवर आहेत. लोक तिथं हौसेनं फोटो काढतात. फक्त आपल्या फोटोत अनोळखी बाई, तिचं लेकरू किंवा झोपलेला माणूस येत नाही ना, तेवढं बघा.

चौथा टप्पा, विमानाजवळचा. सगळ्यांना शिडीवरचा फोटो हवा असतो! पण मोठ्या विमानतळावर बऱ्याचदा शिडी नसतेच, बोगद्यासारख्या पुलावरून थेट विमानात जातो. जिथं शिडी असते तिथं आजूबाजूला गाड्या फिरत असतात, दुसऱ्या विमानांची इंजिनं चालू असतात. आखलेल्या वाटेवरूनच चालायचं. फोटोसाठी मागं मागं सरकायचं नाही. फोटो काढू का, असं तिथल्या कर्मचाऱ्याला आधी विचारा. नाही म्हणाला तर फोन खाली ठेवा.

पाचवा टप्पा, विमानाच्या आत. विमान नियम १९३७ मधला तेरावा नियम याच विषयाचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, खुलासा केला की प्रवासी विमानात फोटो आणि व्हिडिओ काढू शकतात. मात्र सुरक्षेला धोका होईल, गोंधळ होईल किंवा कर्मचाऱ्यांनी मनाई केली असेल, तर नाही. म्हणजे खिडकीतून खालचे डोंगर, नदी, ढग टिपा, पण फोन फ्लाइट मोडवर ठेवून.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे. पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं आहे, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. आपण तिथून प्रवास करतो, पण धावपट्टी लष्कराची. मे २०२५ मध्ये डीजीसीएनं विमान कंपन्यांना सूचना दिली, की अशा ठिकाणी फोटोबंदी असल्याचं प्रवाशांना सांगा. म्हणून पुण्याहून निघताना किंवा दाबोळीला उतरताना विमान जमिनीवर असेल, चढत किंवा उतरत असेल, तेव्हा खिडकीतून फोटो नको. शिडीवरचाही नको. इमारतीच्या आतसुद्धा आधी विचारलेलं बरं.

आता तिकिटाबद्दल. विमानात चढायचा पास, बोर्डिंग पास, हातात धरून फोटो काढायची पद्धत आहे. तो फोटो स्वतःजवळ ठेवा, व्हॉट्सअॅप स्टेटसला लावू नका. त्यावर आपलं नाव आणि सहा अक्षरांचा पीएनआर असतो. एवढ्या माहितीवर विमान कंपनीच्या वेबसाइटवर आपलं तिकीट दुसरं कुणी उघडू शकतं, कदाचित रद्दही करू शकतं. नुसतं नाव झाकून भागत नाही, कारण त्या चौकोनी ठिपक्यांच्या कोडमध्येही तीच माहिती असते. आणि घराला कुलूप असेल तर सहलीचे फोटो घरी आल्यावरच टाका.

एवढं सांभाळूनही कुणी हटकलं तर घाबरू नका. वाद घालू नका. "साहेब, ठाऊक नव्हतं, पुसते," म्हणा आणि त्यांच्यासमोर फोटो पुसा. फोनच्या कचरापेटीतूनही काढा. झालं. त्यात अपमान मानून फोन पिशवीत टाकायचं कारण नाही. दहा पावलं पुढं फोटो काढायची दुसरी जागा असते.

ज्या गटांची सहल ठरतेय, त्यांनी निघण्याआधीच्या बैठकीत हे वाचून दाखवा. फोटो काढायचं काम एकीकडं द्या. पण तिचाही फोटो निघाला पाहिजे, हे बाकीच्यांनी बघायचं. नाहीतर घरातल्यासारखंच होईल, सगळ्या फोटोत आणि ती एकटी बाहेर.