इंग्रजीच्या बाई कशा असाव्यात?



जून जवळ आला की गटाच्या बैठकीत शाळांचा विषय निघतोच. "त्या शाळेतल्या मॅडम फाडफाड इंग्रजी बोलतात," असं ऐकलं की आपण कर्ज काढून फी भरायला तयार होतो. जिल्हा परिषद शाळेतल्या बाई आपल्यासारखंच मराठी बोलतात, मग त्यांना काय इंग्रजी शिकवता येणार, असं वाटतं.

हा समज फक्त आपलाच नाही. १९६१ साली युगांडा देशात मकेरेरे इथं इंग्रजी शिकवण्याबद्दल राष्ट्रकुल देशांची परिषद भरली होती. ज्याची मातृभाषा इंग्रजी, तोच उत्तम शिक्षक, हा विचार तिथून जोरात पुढे गेला. १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकांनी तो चुकीचा असल्याचं लिहिलं. हंगेरीचे पेटर मेद्येश स्वतः इंग्रजी शिकून शिक्षक झालेले. त्यांचं म्हणणं असं, की जो स्वतः शिकला, त्याला शिकणाऱ्याच्या अडचणी आधीच दिसतात.

आपल्याला हे पटायला अवघड नाही. गावातच जन्मलेल्याला रस्ता विचारा. "हे काय, इथंच तर आहे," म्हणतो. सून म्हणून आलेली बाई मात्र नीट सांगते, "वडापाशी उजवीकडे वळ." कारण ती स्वतः तिथं चुकलेली असते.

आता भाषेचं बघा. आपण म्हणतो, "मी भाकरी खाते." क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते मधे येतं. 'टेबलावर' म्हणताना आपला 'वर' मागे लागतो, इंग्रजीतला 'ऑन' टेबलाच्या आधी येतो. 'अ' आणि 'द' हे शब्द तर मराठीत नाहीतच. मराठी मूल नेमकं इथं अडतं आणि मराठी जाणणाऱ्या बाईंना ते लगेच कळतं.

म्हणजे मराठी बोलणारा कुणीही चालेल असं नाही. बाईंना इंग्रजी चांगलं यायलाच हवं. ज्यांची ती मातृभाषा आहे, त्यांचे उच्चार आणि बोलण्याची ढब मुलांच्या कानावर पडावी, हेही खरं. पण त्यासाठी आज रेडिओ आहे, मोबाईल आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा फी भरण्याआधी शाळेत जा. वर्गात फक्त बाईच बोलतात, की मुलंही बोलतात? मूल चुकलं तर त्याला हसतात, की समजावतात? घरी मुलाला धडा वाचायला सांगा आणि विचारा, "याचा अर्थ काय रे?" त्यानं मराठीत नीट सांगितलं, तर समजा, शिकवणं पोचतंय. ही परीक्षा घ्यायला आपल्याला इंग्रजी यावं लागत नाही.