दुखऱ्या पावलांची विचारपूस

(हीरकमहोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेले भाषण)



शाळेने साठ वर्षे पूर्ण केली आणि तिच्या पहिल्या तुकडीतील मुलेमुलीही आता आजी-आजोबा झाली. या वयाच्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते : पाय दुखतात. मुले दूरच्या शहरी असली, की ही तक्रार दूरध्वनीवरच ‘वयच झाले आता’ एवढ्या तीन शब्दांत मिटते. दुखणे मात्र मिटत नाही. वास्तविक पायदुखीवर घरच्या घरी पुष्कळ काही करता येते. मात्र तेल लावावे की शेक द्यावा, हे ठरवण्याआधी पाय नेमका केव्हा दुखतो, हे विचारले पाहिजे. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल टाचेत कळ आणत असेल आणि थोडे चालल्यावर ती ओसरत असेल, तर दुखणे बहुधा तळव्यातील पट्ट्याचे असते. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला हा चिवट पट्टा पावलाची कमान तोलून धरतो. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलासरशी एकदम ताणला जातो. कठीण फरशीवर अनवाणी राबणाऱ्या गृहिणी आणि दिवसभर फळ्यापाशी उभे राहणारे शिक्षक यांची ही नेहमीची व्यथा. क्ष-किरण चित्रात ‘हाड वाढलेले’ दिसले, तरी घाबरून जाऊ नये. असे हाड वाढलेल्या अनेकांची टाच कधीच दुखत नाही.

यावरचा व्यायाम साधा आहे. अंथरूण सोडण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, बोटे हाताने नडगीकडे ओढावीत आणि तळव्याला ताण बसला की 10 अंक मोजावेत. असे 10 वेळा, दिवसातून 3 वेळा करावे. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे घेऊन, टाच न उचलता व गुडघा न वाकवता पोटरीलाही 30 सेकंद ताण द्यावा. पाणी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून तळव्याखाली 10 मिनिटे फिरवावी. स्वयंपाकघरासाठी मऊ तळाच्या वेगळ्या चपला ठेवाव्यात. त्या घराबाहेर नेल्या नाहीत, म्हणजे सोवळ्याओवळ्याचाही प्रश्न उरत नाही. गुण यायला काही आठवडे, प्रसंगी काही महिनेही लागतात. पाढे एका दिवसात पाठ होत नाहीत, तसेच हे आहे.

संध्याकाळी पाय जड होणे, घोट्यांशी सूज येणे, शिरा फुगून दिसणे, ही तऱ्हा निराळी. पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलागणिक करतात. माणूस तासन् तास एका जागी उभा राहिला किंवा बसला, की हा पंप मंदावतो. अशा वेळी आडवे होऊन पाय उशांवर, हृदयापेक्षा उंच, 15 मिनिटे ठेवावेत. उभ्याने काम करताना अधूनमधून टाचा उचलाव्यात. सूज सकाळीही उतरत नसेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

घरी उपचार करू नयेत, अशीही काही दुखणी आहेत. एकच पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तेथे मालिश मुळीच करू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तशात छातीत दुखले वा दम लागला, तर क्षणाचाही विलंब नको. चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबताच ओसरतो, त्या वेळी रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असण्याचा संभव असतो. तंबाखू ओढणाऱ्यांनी आणि मधुमेह्यांनी ही खूण विशेष ध्यानात ठेवावी. वेदनाशामक गोळ्याही महिनोन्महिने आपल्या मनाने घेऊ नयेत. त्या मूत्रपिंड आणि जठर यांना अपाय करतात.

सर्वांत मोठा धोका मात्र न दुखणाऱ्या पायात असतो. दीर्घकाळच्या मधुमेहात पावलांची संवेदना बोथट होते. चपलेतला खडा टोचत नाही, शेकाचे पाणी पोळत नाही, जखम कळतही नाही आणि चिघळल्यावर प्रकरण पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. अशा व्यक्तीने गरम पाण्यात पाय बुडवू नयेत, अनवाणी चालू नये आणि तळवे व बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. पण गुडघे वाकत नसलेल्या, दृष्टी मंदावलेल्या आजीला स्वतःचा तळवा दिसणार कसा?

तो घरातल्या दुसऱ्या कोणीतरी पाहायला हवा. वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची रीत या शाळेच्या मुलांनी परप्रांतातही जपली आहे. सणासुदीला नमस्कारासाठी वाकलेल्या मुलाने क्षणभर तेथेच थांबावे, तळवे पाहावेत आणि विचारावे, “आजी, पाय केव्हा दुखतो गं?”