शेळीची शिंगे : त्यांची वाढ आणि निगा

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत हे नाव अक्षरशः खरे ठरते. येथील जमीन डोंगरउताराची. खाचरांत भात आणि वरकसावर नाचणी-वरी, एवढेच मुख्य पीक. पावसाळा सरला, भात घरात आले, की ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी कुटुंबांच्या हाती रोख पैसा थोडाच उरतो. अशा वेळी घरातील दुखणे, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च किंवा लेकीचे लग्न ह्यांची तजवीज बहुधा दाराशी बांधलेल्या दोन-चार शेळ्यांवरच करावी लागते. शेळी ही त्या घराची चालतीबोलती पेढी होय. म्हणून तिच्या अंगाचा एखादा अवयव दुखावला, तर ते नुकसान केवळ जनावराचे नसते, साऱ्या कुटुंबाचे असते.

अशा अवयवांपैकी शिंगांकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. खुरे, कास आणि दात पाहिले जातात. शिंगे म्हणजे डोक्यावर उगवलेली निर्जीव काष्ठे, असाच सामान्य समज आढळतो. ह्या समजापायी कित्येक चांगली जनावरे हकनाक जायबंदी होतात. बोकडाचे शिंग मुळापासून मोडले, की त्याची किंमत एका दिवसात उतरते. बकरी ईदच्या कुर्बानीस मुळातून शिंग मोडलेला बोकड चालत नाही असे मानतात, आणि देवाच्या नवसासाठीही लोक अव्यंग जनावरच शोधतात. तेव्हा शिंग म्हणजे काय, ते वाढते कसे आणि त्याची निगा कशी राखावी, ह्याचा विचार शेळी पाळणाऱ्या प्रत्येकाने करणे अगत्याचे आहे.

प्रथम शिंगाची रचना पाहू. शेळीचे शिंग एकजिनसी नसते. त्याचे तीन थर असतात. आत कवटीच्या कपाळाच्या हाडाशी जुळलेला हाडाचा गाभा असतो. त्यावर रक्तवाहिन्यांनी आणि मज्जातंतूंनी भरलेले पातळ जिवंत अस्तर असते. सर्वांत बाहेर कठीण खोळ असते, आणि लोक जिला शिंग म्हणतात ती हीच. ही खोळ केराटिन नावाच्या द्रव्याची बनलेली असते. माणसाची नखे व केस आणि जनावरांची खुरे हीही त्याच द्रव्याची. शिंगाचा कीस आणि केस वेगवेगळे जाळून पाहिल्यास दोहोंना सारखाच उग्र दर्प येतो. ह्या द्रव्यात गंधकाचा अंश असतो, त्याचा तो परिणाम. ह्या द्रव्यात नत्रही पुष्कळ असल्यामुळे शिंगांची व खुरांची भुकटी शेतीस खत म्हणून उपयोगी पडते.

खोळ निर्जीव आहे हे खरे, परंतु तिच्या आतील दोन्ही थर पूर्णपणे जिवंत आहेत. उन्हातून चरून आलेल्या शेळीच्या शिंगाच्या बुडाशी हात लावून पाहावा. तेथे ऊब लागते. १९६६ साली सी. आर. टेलर ह्या शास्त्रज्ञाने बकऱ्यांच्या शिंगांवर प्रयोग केले. उष्म्यात आणि श्रमांत शिंगातील रक्तवाहिन्या रुंदावतात व थंडीत आकसतात, असे त्याला आढळले. यावरून शिंगे शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यास काही अंशी साहाय्य करीत असावीत, असा तर्क त्याने मांडला. वैशाखात शहापूरच्या उघड्या माळावर चरणाऱ्या जनावरास ही सोय थोडीथोडकी म्हणता येणार नाही.

आता वाढीचा क्रम. करडू जन्मते तेव्हा त्याच्या डोक्यावर शिंग दिसत नाही, परंतु त्याची खूण असते. ज्यास शिंगे यावयाची असतात त्या करडाच्या डोक्यावर दोन बाजूंस केसांचे दोन भोवरे दिसतात, आणि तेथील कातडी खालच्या भागास चिकटलेली लागते. जे करडू भुंडेच राहणार असते त्याचे असे दोन स्वतंत्र भोवरे दिसत नाहीत व त्याची कातडी बोटाने सहज हलते. पुढे थोड्याच दिवसांत भोवऱ्याखाली शिंगाचा कोंब बोटास टोचू लागतो. कोंबाखाली हाडाची गाठ तयार होते आणि ती कवटीशी एकजीव होऊन गाभा बनते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. कवटीचे हाड कातडीस वर ढकलते, की कातडी हाडास बोलावून घेते? ह्याचा उलगडा अमेरिकेतील मेन विद्यापीठातील डव्ह नावाच्या संशोधकाने केला. १९३३ साली त्याने एका दिवसाच्या वासराच्या डोक्यावरील शिंगांचे दोन्ही कोंब सोडवून कपाळाच्या मध्यभागी एकमेकांस लावून बसविले. वासरू वाढले तेव्हा त्याच्या कपाळावर मधोमध एकच भक्कम शिंग उगवले. पुराणांतरीच्या एकशिंगी प्राण्याची जणू प्रतिमाच ती. शिंगाचे बीज कवटीत नसून वरच्या कोंबात असते, आणि तो कोंब जेथे नेऊन ठेवावा तेथे तो आपल्याखाली हाड उभे करवितो, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढे ह्याच युक्तीने तयार केलेले एकशिंगी बोकड १९८५ साली अमेरिकेतील एका मोठ्या सर्कशीत दाखविण्यात आले, आणि हजारो लोकांनी ते कौतुकाने पाहिले.

शिंगाची वाढ झाडाच्या शेंड्याप्रमाणे टोकाकडून होत नाही. ती नखाप्रमाणे मुळाकडून होते. शिंगाचे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग, आणि कवटीलगतचा भाग सर्वांत नवा. बुडाशी रोज थोडे नवे केराटिन तयार होते व जुने पुढे सरकते. पहिल्या वर्षात ही वाढ झपाट्याची असते. पुढे ती मंदावते, पण जनावर जिवंत असेपर्यंत अगदी थांबत मात्र नाही. हरणांच्या कुळातील सांबराची व भेकराची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या नरांची शिंगे निव्वळ हाडाची असतात, ती ठराविक काळाने गळून पडतात व पुन्हा नवी येतात. सह्याद्रीच्या रानात सांबराचे गळालेले शिंग सापडते ते ह्यामुळेच. शेळी, मेंढी, गाय आणि म्हैस ह्यांचे शिंग एकदाच येते. ते गेले तर पूर्ववत परत येत नाही.

शिंगाला बाक येतो तोही ह्या वाढीमुळेच. शिंगाच्या पुढच्या बाजूस नवा थर मागच्या बाजूपेक्षा अधिक जाड पडला, की शिंग आपोआप मागे वाकते. त्यात एका अंगाचा फरक आणखी मिसळला, की त्यास पीळ पडतो. शंखाचे वेढे आणि मेंढ्याच्या शिंगाचा पीळ एकाच गणिती नियमाने वाढतात, हे डार्सी टॉमसन ह्या पंडिताने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखवून दिले आहे. पाळीव शेळीचा मूळ पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातील डोंगरांत राहणारी रानशेळी. तिची शिंगे तलवारीसारखी मागे वळलेली असतात. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी इराणकडील झाग्रोस पर्वताच्या परिसरात माणसाने तिला माणसाळविले, आणि त्यानंतर पाळीव जातींच्या शिंगांस नाना आकार आले. घाट चढून गेल्यावर नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांत जी संगमनेरी शेळी लागते, तिच्या नरमादी दोघांसही शिंगे असतात. मराठवाड्यातील उस्मानाबादी जातीत नर बहुधा शिंगाळ असतात, परंतु माद्यांत शिंगाळ व भुंड्या अशा दोन्ही प्रकारच्या आढळतात.

नर व मादी ह्यांच्या शिंगांतील भेदही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बोकडाचे शिंग बुडाशी जाड व भारी असते. हा पुरुषत्वाच्या अंतःस्रावाचा प्रभाव होय. म्हणून लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाची शिंगे त्याच्या भावंडांपेक्षा सडपातळ राहतात. बोकडाच्या शिंगांमागे कातडीत गंधग्रंथी असतात, आणि माजावर आलेल्या बोकडाचा परिचित वास मुख्यतः त्यांतूनच येतो.

शिंगावरील वळ्यांवरून वय सांगणारे जाणते गावोगाव भेटतात. डोंगरी रानशेळ्यांत, जेथे कडक हिवाळ्यात वाढ थबकते, तेथे वर्षाचे वळे स्पष्ट उमटतात. घरच्या शेळीत मात्र चारा तुटणे, आजार किंवा गाभणपण अशा कोणत्याही कारणाने खाच पडू शकते. म्हणून वळे हे जनावराच्या सुखदुःखाचा दाखला देतात, वयाचा नव्हे. वयासाठी खालच्या जबड्याचे पुढचे आठ दातच पाहावेत. दुधाचे दात पडून पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास येते, आणि पुढे वर्षाकाठी एकेक जोडी वाढत चार वर्षांच्या आसपास जनावर पूर्ण दाती होते. बाजारात अदत, दोन दाती, चार दाती ही जी भाषा चालते तीच विश्वसनीय आहे.

ह्यानंतर भुंड्या शेळीचा विचार. भुंडी शेळी कुंपणात अडकत नाही, दुसरीस मारीत नाही, म्हणून कित्येकांस ती अधिक पसंत असते. ते भुंडीस भुंडाच बोकड दाखवितात. येथे मोठा धोका आहे. शिंगाळपणा वा भुंडेपणा ठरविणारे बीजद्रव्य करडास निम्मे आईकडून व निम्मे बापाकडून मिळते. भुंडेपणाचा अंश एकाकडून जरी आला तरी करडू भुंडे निपजते. परंतु तो दोघांकडूनही आला आणि करडू मादीच्या बीजाचे असले, तर त्याची जननेंद्रिये बिघडतात. ते ना धड शेळी ना धड बोकड अशा स्थितीत वाढते व कधीही विते होत नाही. अमेरिकेतील अॅस्डेल ह्या संशोधकाने ह्या दोन गोष्टींचा संबंध १९४४ साली दाखवून दिला. २००१ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी त्याचे मूळ कारण शोधून काढले. शेळीच्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रातील सुमारे ११,७०० अक्षरांचा एक तुकडा गळाल्याने भुंडेपणा व हे वैगुण्य दोन्ही उद्भवतात. भुंडी व भुंडा ह्यांच्या जोडीत मादीच्या बीजाच्या दर चार करडांमागे सरासरी एक असे वाया जाण्याचा संभव असतो. ज्या घरी तीनच शेळ्या आहेत त्या घरास हा फटका सोसवणारा नाही. उपाय अगदी सोपा आहे. जोडीतील एक तरी जनावर शिंगाळ असावे. भुंड्या शेळीस शिंगाळ बोकडच दाखवावा.

शिंगे येऊच नयेत म्हणून कोवळ्या वयात कोंब डागण्याची रीत परदेशी दूधगोठ्यांत आहे. परंतु करडाची कवटी वासराच्या मानाने फार पातळ असते, आणि डाग जरा खोल गेला की मेंदूस इजा पोहोचते. अशिक्षित हाताने हे काम करणे म्हणजे करडाच्या जिवाशी खेळ होय. शिवाय जेथे बोकड शिंगांसह विकावयाचा आहे तेथे त्याचे प्रयोजनही नाही. मोठ्या जनावराचे शिंग करवतीने बुडातून कापणे तर त्याहून वाईट. वाढत्या वयाबरोबर कपाळाच्या हाडातील पोकळी शिंगाच्या गाभ्यात शिरते. बुडातून शिंग कापले वा मोडले की ती पोकळी उघडी पडते, भळभळ रक्त वाहते आणि वेदनाही असह्य होतात. शिंगाचे टोक वाकून डोळ्यास किंवा गालास टेकू लागले, तर मात्र केवळ निर्जीव टोक कानशीने थोडे थोडे झिजवावे. ऊब लागते तेथवर कानस नेऊ नये.

शिंग मोडण्याचे प्रसंग बहुधा माणसाच्या हलगर्जीनेच येतात. कारवीच्या कुडाच्या फटी, बेचक्याची झाडे, काटेरी तारेचे कुंपण आणि गव्हाणीच्या अरुंद खाचा ही त्यांची ठिकाणे होत. शेळी डोके आत घालते सहज, पण मागे घेताना शिंग अडकते आणि ती हिसके देते. म्हणून गव्हाणीची फट एकतर शिंगांसह डोके निघेल इतकी रुंद, नाहीतर डोकेच शिरणार नाही इतकी अरुंद ठेवावी. दावे शिंगास न बांधता गळ्यात बांधावे. शिंग धरून जनावर ओढू नये. कोवळ्या करडाचे तर मुळीच नाही, कारण त्याचे शिंग अजून कवटीशी पुरते जुळलेले नसते. दोन मोठे बोकड एका खुंट्याजवळ बांधू नयेत.

एवढे करूनही शिंग मोडलेच, तर प्रथम स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरावी व रक्त थांबवावे. नुसती खोळ निघाली असेल आणि आतील गाभा शाबूत असेल, तर बुडाचे जिवंत अस्तर हळूहळू नवी खोळ तयार करते. ती ओबडधोबड असते, पण गाभा झाकला जातो. गाभाच मोडून भोक पडले असेल, तर त्यात पाणी वा औषध ओतू नये, कारण ते थेट कपाळाच्या पोकळीत उतरते. जखमेवर स्वच्छ पट्टी बांधावी. पावसाळ्यात माशा बसून तासा-दोन तासांत अंडी घालतात व जखमेत किडे पडतात, म्हणून जनावर कोरड्या जागी ठेवून पट्टी रोज पाहावी. शेळीस धनुर्वाताचीही भीती असते. ह्यास्तव वाट कितीही लांब असली तरी पशुवैद्यास दाखविण्यास विलंब लावू नये.

पौषी पौर्णिमेस मुरबाड तालुक्यात म्हसे येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तेथील गुरांच्या बाजारात येणारा शेतकरी बैलाची शिंगे किती बारकाईने पारखतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तीच नजर त्याने आपल्या घरच्या शेळीकडेही वळवावी. करडू जन्मताच त्याच्या डोक्यावरील भोवरे पाहावे, शेळी दाखविण्यापूर्वी बोकडाचे कपाळ पाहावे आणि पावसाळ्याआधी एकदा गोठ्याच्या फटी तपासाव्या. ह्या तीन गोष्टींस पैसा लागत नाही. त्या केल्या तर कित्येक घरांच्या गोठ्यातील एखादे जनावर दर वर्षी वाचेल.