मेमरीची परीक्षा: एकसारखा साचा पुरेसा का नाही?

संगणकाची मेमरी तपासण्याची जुनी रीत अशी: प्रत्येक बाइटमध्ये ०१०१०१०१ हा साचा भरायचा, परत वाचायचा, मग १०१०१०१० भरून पुन्हा तेच करायचे. कायम शून्यावर किंवा एकावर अडकलेला बिट यात हटकून सापडतो. पण बाइटचा क्रमांक, म्हणजे पत्ता, मेमरीपर्यंत नेणारी तार बिघडली तर ही परीक्षा साफ फसते. समजा, १०२४ दर्शवणारी तार शून्यावरच अडकली आहे. मग १०२४ क्रमांकाला लिहिलेले मुकाट्याने शून्य क्रमांकाच्या बाइटवर जाऊन बसते. सगळीकडे एकच साचा असल्याने वाचताना सगळे ठाकठीक दिसते! सोळा बाइटांनी पुनरावृत्त होणारा साचाही इथे कुचकामी, कारण १०२४ला सोळाने पूर्ण भाग जातो.

म्हणून २५१ बाइटांचे आवर्तन घ्यावे: पत्त्याला २५१ने भागून उरणारी बाकी भरायची. २५१ ही मूळ संख्या, आणि तारांची मूल्ये दोनाचे घात. त्यांतल्या एकालाही तिने भाग जात नाही. १०२४ची बाकी २०. आधी सगळी मेमरी भरून मग तपासली, की शून्य क्रमांकावर ० ऐवजी २० सापडतात आणि चोरी पकडली जाते. कोणी म्हणेल, यादृच्छिक आकडे का नकोत? चालतील की, पण ते पुन्हा त्याच क्रमाने निर्माण करावे लागतात. इथे अपेक्षित उत्तर पत्त्यावरूनच कळते. मात्र दुसऱ्या फेरीत सगळे बिट उलटे करून भरायलाच हवेत, नाहीतर अडकलेले कितीतरी बिट निसटतील.