हिवाळ्यात विसावलेली स्पोर्ट्स कार

जर्मनीत अनेक जण स्पोर्ट्स कार फक्त उन्हाळी महिन्यांत चालवतात. तिथे तशी हंगामी नंबरप्लेटच मिळते. थंडीत गाडी गॅरेजमध्ये. पण बंद गाडीतही अलार्म आणि रिमोटचा रिसीव्हर जागेच असतात, थोडी थोडी वीज खात राहतात. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.7 व्होल्ट दाखवते. ती बरेच दिवस 12.4 च्या खाली राहिली, की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर धरतो आणि पूर्वीची ताकद परत येत नाही.

पोर्शे 911 च्या 997 मॉडेलमध्ये बॅटरी पूर्ण उतरली तर पेचच! बॅटरी पुढच्या झाकणाखाली आणि झाकणाची कडी विजेवर चालणारी. म्हणून पायापाशी, फ्यूजबॉक्समध्ये, बाहेर ओढता येणारं एक टर्मिनल दिलंय. तिथं बाहेरून वीज द्यायची, मग झाकण उघडतं.

ती वेळ येऊच देऊ नका. बॅटरी भरली की आपोआप प्रवाह कमी करणारा मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा. अधूनमधून पाच मिनिटं इंजिन सुरू करणं मला अजिबात पटत नाही: स्टार्टरने खाल्लेली वीजही धड भरून निघत नाही, वर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

मुंबईच्या पावसाळ्यात गाडी झाकून ठेवणाऱ्यांनीही असाच चार्जर लावावा.