मुशीतून वाचलेले सोने

श्रोतेहो, नाणी जमवणारा माणूस भेटला की लोक त्याला दोन प्रश्न हमखास विचारतात. नाणे किती जुने, आणि त्यात सोने किती? आज मी अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकातल्या सोन्याच्या नाण्यांविषयी बोलणार आहे. त्यांच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. खरा प्रश्न तिसराच: नाणी पाडली किती, आणि त्यांतली मुशीतून वाचली किती?

आधी थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकेची टाकसाळ १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियात स्थापन झाली आणि १७९५ पासून तिथे सोन्याची नाणी पडू लागली. दहा डॉलरच्या नाण्याला तिकडे ‘ईगल’, म्हणजे गरुड म्हणत. पाच डॉलरचा अर्धा गरुड, अडीच डॉलरचा पाव गरुड. पुढे कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि १८५० पासून वीस डॉलरचा दुहेरी गरुड चलनात आला. त्याचे वजन सुमारे साडेतेहतीस ग्रॅम, आपल्या हिशेबाने तीन तोळ्यांना थोडे कमी.

आता १८२२ सालचा अर्धा गरुड घ्या. टाकसाळीच्या दप्तरात त्या वर्षाचा आकडा आहे १७,७९६. आज त्या सालची नाणी ठाऊक आहेत अवघी तीन! मग बाकीची गेली कुठे? त्याचे असे झाले. अमेरिकेच्या कायद्याने सोन्याचा भाव चांदीच्या पंधरापट ठरवला होता. युरोपात तो त्याहून चढा होता. म्हणजे पाच डॉलरच्या नाण्यातले सोने पाच डॉलरहून जास्त मोलाचे! व्यापारी तो. त्याने नाणी गोळा केली, जहाजावर चढवली, तिकडे ती वितळली आणि याने नफा गाठीला बांधला. १८३४ साली सरकारने नाण्यांचे वजन उतरवले, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला. त्या तिघांपैकी दोन नाणी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तिसरे २०२१ साली लिलावात ८४ लाख डॉलरला गेले.

दुसरे कारण माणसाच्या नजरेचे. १८३८ साली जॉर्जियातल्या डलॉनेगा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट या ठिकाणी, सोन्याच्या खाणींजवळ, लहान टाकसाळी निघाल्या. १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि त्यांचे काम थांबले. त्यांच्या नाण्यांवर डी किंवा सी असे एक बारीक अक्षर असे, सॅनफ्रान्सिस्कोच्या नाण्यांवर एस. पण त्या काळच्या संग्राहकांना हवे असे नाण्यावरचे साल. अक्षराकडे बघतो कोण? १८९३ साली ऑगस्टस हीटन या चित्रकाराने या अक्षरांवर एक ग्रंथ काढला, आणि मग हळूहळू लोकांचे डोळे उघडले. तोवर पुष्कळशी नाणी हाताळून झिजली होती, कित्येक आटवलीही गेली होती.

या अक्षराचे मोल केवढे असावे? सॅनफ्रान्सिस्कोच्या टाकसाळीने १८५४ साली अर्धे गरुड पाडले फक्त २६८. त्यांतले एक २०१८ साली एका गृहस्थाकडे निघाले. काही नाणेविक्रेत्यांनी ते खोटे म्हणून सांगितले होते. शेवटी तज्ज्ञांनी ते खरे ठरवले आणि त्याच वर्षी ते २१ लाख ६० हजार डॉलरला विकले गेले. अर्थात त्या विक्रेत्यांचा संशय अगदीच अनाठायी नव्हता, बरं का! साध्या नाण्यावर असे अक्षर चिकटवून गिऱ्हाइकाला फसवणारे लोक आहेतच. म्हणून जाणकार माणूस आधी भिंग हातात घेतो, तराजूवर वजन बघतो, आणि पैशाची पिशवी सर्वांत शेवटी सोडतो.

कधी कधी मात्र उलटेही घडते. १८५७ च्या सप्टेंबरात ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन न्यूयॉर्ककडे जाताना वादळात सापडले आणि चारशेहून अधिक माणसांसह बुडाले. १९८८ साली त्याचा सांगाडा सापडला. त्यातून १८५७ सालचे, सॅनफ्रान्सिस्कोचे पाच हजारांहून अधिक दुहेरी गरुड वर आले, तेही जवळजवळ कोरे! जे नाणे कोऱ्या स्थितीत मिळणे मुश्किल होते, ते एकदम पुष्कळ झाले. मुशीने जे गिळले असते, ते समुद्राने सांभाळले.

सर्वांत मोठी मूस पेटली १९३३ साली. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांना सोने सरकारजमा करायला लावले आणि पुढे लाखो नाणी वितळून त्यांच्या विटा झाल्या. पण त्या हुकमात एक सवलत होती. दुर्मिळ म्हणून संग्राहकांच्या लेखी ज्यांचे विशेष मोल आहे, ती नाणी वगळली होती. त्या वेळचे अर्थमंत्री विल्यम वुडिन स्वतः सोन्याच्या नाण्यांचे नामांकित संग्राहक होते, हेही जाता जाता सांगायला हवे.

श्रोतेहो, या छंदाला कोणी श्रीमंतांचा खेळ म्हणेल. लिलावाचे आकडे ऐकले की तसे वाटणारच. पण १८२२ चे ते तिसरे नाणे कोणीतरी मुशीत न घालता जपले, म्हणूनच आपल्याला आज ते पाहायला मिळते. तेव्हा तुमच्या घरात कोणत्याही देशाचे जुने नाणे असेल तर दोन गोष्टी पाळा. चकाकी आणायला ते घासू नका. घासले की त्याचे मोल उतरते. आणि सराफाच्या काट्यावर टाकण्याआधी ते एकदा जाणकाराला दाखवा. सोने पुन्हा मिळेल, नाणे मिळणार नाही.